दुसरी टाकी

सांगलीहून साताऱ्याला जायला जुन्या फियाटला दहा लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं आणि तिच्या टाकीत 38 लिटर मावतं. सकाळी टाकी भरून निघालेला माणूस साताऱ्यात कंदी पेढे घेऊन संध्याकाळी परत येईल आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पेट्रोलवर कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शनही करून येईल. पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत महामार्गाला पंपांचा तोटा नाही. मग या भागातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना दुसरी टाकी कशाला हवी असते?

हवी असते हे मात्र खरं. सांगली-मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या जुन्या गॅरेजात घटकाभर बसलं की हा विषय निघतोच. कुणाला फियाटच्या डिकीत वीस लिटरची टाकी हवी असते, कुणाला जीपच्या सीटमागे, कुणाला बॉनेटखाली नुसता दोन लिटरचा डबा पुरतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'लांबच्या प्रवासाला बरं.' हे उत्तर मला पटत नाही. या दोन जिल्ह्यांत दुसऱ्या टाकीला बराच जुना इतिहास आहे आणि त्यात अंतराचा वाटा फार थोडा आहे. इथे ती टाकी आली घाटासाठी, टंचाईसाठी आणि स्वस्त इंधनासाठी. आता ती येते आहे पहिल्या टाकीवरचा विश्वास उडाला म्हणून.

घाटापासून सुरुवात करू. फोर्डच्या 'टी' मॉडेलला, म्हणजे 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या वर निघालेल्या गाडीला, पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली आणि पेट्रोल उताराने कार्ब्युरेटरकडे. गाडी चढाला लागली आणि टाकी अर्ध्याखाली असली की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जायचा आणि पेट्रोल बंद. त्यावरचा उपाय जगभरच्या ड्रायव्हरांनी शोधला होता. गाडी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये घाट चढायचा. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट ज्यांना माहीत आहे त्यांनी तो मागे तोंड करून चढायची कल्पना करून पाहावी.

त्यानंतरच्या गाड्यांत टाकी मागे गेली, चाकांच्या मधल्या उंचीला. तिथून पेट्रोल पुढे वर आणायचं कसं? 1920 च्या दशकातल्या पुष्कळ अमेरिकी गाड्यांत याचं उत्तर होतं 'व्हॅक्यूम टँक'. बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या पायांपुढच्या पत्र्याला बाहेरून टांगलेला हा एक उभा डबा. इंजिन हवा ओढतं त्या ओढीचा एक फाटा या डब्याला जोडलेला असे. त्या ओढीने मागच्या टाकीतलं पेट्रोल डब्यात यायचं आणि डब्यातून उताराने कार्ब्युरेटरला मिळायचं. डबा भरला की आतला फ्लोट वर येऊन ओढ बंद करायचा. हलणारे भाग अगदी मोजके, त्यामुळे बिघाडही थोडे. मोटारीची पहिली खरी दुसरी टाकी ती हीच.

तिचं दुखणंही घाटातच बाहेर यायचं. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनची ओढ जवळजवळ संपते. सपाटीवर कुणी तो सतत पूर्ण दाबून ठेवत नाही, चढावर मात्र ठेवावाच लागतो. म्हणजे पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच मागून यायचं थांबतं आणि गाडी डब्यातल्या शिल्लकीवर चालते. ती संपली की इंजिन फडफडायला लागतं. जाणता ड्रायव्हर त्याआधीच क्षणभर पाय उचलायचा, डबा भरून घ्यायचा आणि पुन्हा दाबायचा. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी संस्थानं या भागात शेजारी शेजारी नांदत होती. त्या काळच्या गाड्या ठेवायच्या तर वाहन चालवण्याइतकीच ही पायाची कलाही यावी लागे. पुढे यांत्रिक पंप आले आणि व्हॅक्यूम टँक गेला. ज्या गाड्यांवर तो आज शाबूत आहे त्यांच्या मालकांना एवढंच सांगणं आहे, की तो काढून विजेचा पंप लावू नका. तो डबा म्हणजे त्या गाडीचं अर्धं मोल आहे.

टंचाईचा भाग दुसऱ्या महायुद्धातला. त्याआधी पेट्रोल डब्यांतून मिळे. दोन गॅलनचे चौकोनी डबे गाडीच्या फूटबोर्डावर पट्ट्याने बांधलेले असत. ही टाकी नव्हे, पण काम टाकीचंच. 1941 मध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि बस-ट्रकच्या मागच्या अंगाला कोळशाच्या भट्ट्या चढल्या. 'गॅस प्लांट' म्हणत त्याला. भट्टीत कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, त्यातून निघणारा जळाऊ वायू गाळून इंजिनला द्यायचा. गाडी सुरू करायची थोड्याशा पेट्रोलवर आणि चालवायची कोळशावर. ताकद पेट्रोलच्या मानाने पुष्कळ कमी. चढ आला की उतारूंना उतरवायचं, हे त्या पिढीने सांगितलेलं बहुतेकांनी घरात ऐकलं असेल.

पेट्रोलवर सुरू करायचं आणि दुसऱ्या कशावर तरी चालवायचं, ही रीत इथल्या शेतीत मात्र युद्धानंतरही टिकली. हा मुलूख इंजिनांचा. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर, औंध संस्थानाच्या जागेत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी उभी केली. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगरांपासून डिझेल इंजिनांपर्यंत माल निघाला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. कृष्णाकाठी पुढे जी लहान पंपसेटं आली त्यांत पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर चालणारी पुष्कळ होती. त्यांच्यावर दोन टाक्या, एक वाटीएवढी पेट्रोलची आणि दुसरी मोठी रॉकेलची. मधे कॉक. रॉकेल थंड इंजिनात नीट वाफ होत नाही, म्हणून आधी पेट्रोलवर इंजिन तापवायचं आणि मग कॉक फिरवायचा. बंद करतानाही शिस्त तीच. शेवटची काही मिनिटं परत पेट्रोलवर चालवून कार्ब्युरेटरमधलं रॉकेल संपवायचं. हे जो विसरला त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घेतला असं समजावं.

या शिस्तीची वाईट नक्कल गाड्यांत झाली. पेट्रोल महाग आणि रेशनचं रॉकेल स्वस्त, तेव्हा रिक्षांच्या मोठ्या टाकीत रॉकेल आणि सुरू करण्यापुरती पेट्रोलची बाटली, असे प्रकार सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मागून येणाऱ्याला धुराच्या वासावरूनच कळायचं. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देण्यात आला तो भेसळ ओळखू यावी म्हणूनच. त्यानंतर आला घरगुती गॅसचा सिलिंडर. वडापच्या मारुती व्हॅनमध्ये सीटखाली लाल सिलिंडर, रेग्युलेटर स्वयंपाकघरातला आणि वर दहा-बारा माणसं. हा धोका केवढा होता हे आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. 2000 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त किट बसवून एलपीजी किंवा सीएनजीवर गाडी चालवायला परवानगी मिळाली. गाडीत रीतसर दुसरी टाकी बसवायचा मार्ग सामान्य माणसाला मिळाला तो तेव्हा, आणि तोही गॅसपुरताच. पेट्रोलच्या जास्तीच्या टाकीसाठी असा सोपा मार्ग कायद्याने आखून दिलेला नाही. त्याकडे पुढे येऊ.

अंतरासाठी टाकी हवी असं या भागात खरोखर कोण म्हणू शकतं? एक तर खानापूर, आटपाडी, तासगावकडचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ते देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले आणि दिवाळीला, जत्रेला गाडी काढून गावी येतात. दुसरे ट्रकवाले. पण त्यांचं गणित अंतराचं कमी आणि दराचं जास्त. म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडला गेलं की इंधन बऱ्याचदा स्वस्त पडतं, मग एकदाच जास्त भरून घेतलेलं परवडतं. फियाटवाला मात्र या दोन्हींत बसत नाही. तो रविवारी सकाळी कासला किंवा औदुंबरला जातो आणि दुपारच्या जेवणाला घरी येतो.

या फियाटचं या दोन जिल्ह्यांशी एक नातंही आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 ची, वालचंद हिराचंद यांची. साताऱ्याजवळचा कूपरांचा कारखाना पुढे त्यांच्याच समूहाकडे गेला, आणि सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, जे 1947 मध्ये सुरू झालं, त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. 1964 पासूनची 1100 डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. डॉक्टर, वकील, बागायतदार, साखर कारखान्याचे संचालक यांच्या दारात ती दोन-तीन दशकं उभी होती. आज तिथे नातू तिला पुसून ठेवतात.

हा नातू दुसऱ्या टाकीची चौकशी करतो तेव्हा त्याच्या गाडीला नेमकं काय झालेलं असतं? जाणता मेस्त्री 'टाकी कितीची हवी?' असं विचारतच नाही. 'मालक, गाडी कुठं बंद पडली?' हा त्याचा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा कहाणी त्यातूनच बाहेर येते.

एक कहाणी काट्याची. टाकी निम्मी भरलेली, तरी डॅशबोर्डवरचा काटा खाली झोपलेला. मालक धास्तावतो आणि वाटेतल्या प्रत्येक पंपावर थांबतो. टाकीवरची गोल चकती उघडून आतला फ्लोट बाहेर काढला की कारण हातात येतं. जुने फ्लोट पितळी पत्र्याचे, पोकळ, दोन वाट्या जोडून झाळलेले. पन्नास वर्षांत त्या सांध्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, आत पेट्रोल शिरतं आणि तरंगायचं सोडून फ्लोट बुडतो. तो कानाशी धरून हलवायचा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला की निदान पक्कं. कोमट पाण्यात बुडवला की बुडबुडे येतात तिथे भोक. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, सुकवून, नखाएवढा डाख दिला की काटा परत खरं बोलू लागतो. हे काम करायचं ते उघड्यावर, टाकीपासून आणि पेट्रोलच्या कुठल्याही डब्यापासून लांब. वीस लिटरची नवी टाकी आणि नखाएवढा डाख यांतलं नेमकं काय हवं होतं ते इथे ठरतं.

दुसरी कहाणी श्वासाची. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर झकास चालते, मग गचके देऊन बंद. थोडा वेळ थांबलं की परत चालू. टाकीचं झाकण उघडताना 'सुस्स' आवाज आला तर समजावं की टाकीत हवा जायची वाट बुजली आहे. एक लिटर पेट्रोल बाहेर गेलं तर एक लिटर हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला पेट्रोल मिळत नाही. कुंभारमाशीने ब्रीदरच्या नळीत घर केलेलं असतं, किंवा मूळ झाकण हरवल्यावर बाजारातलं बिनभोकाचं झाकण लावलेलं असतं.

तिसरी उन्हाची. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की बॉनेटखाली इंजिनला चिकटून बसलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनलेला असतो, वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून बाटलीने पाणी ओतत उभा असलेला फियाटवाला चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने पाहिला आहे. हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, तो चालतो. पण त्याचा कायमचा इलाज दुसरी टाकी हा नाही. टाकीजवळ, गार जागेत छोटा विजेचा पंप लावला तर तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, नळीतला दाब वाढतो आणि वाफ धरायचं प्रमाण कमी होतं.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा, कारण भंगारबाजारात याच बाबतीत घोटाळा होतो. कार्ब्युरेटरला दोन ते चार पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप चाळीस पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब देतात. असा पंप स्वस्तात मिळाला म्हणून फियाटला लावला तर कार्ब्युरेटरची सुई तो दाब अडवू शकत नाही. पेट्रोल वरून वाहतं आणि तापलेल्या इंजिनवर पडतं.

चौथी कहाणी गंजाची आणि ती सगळ्यात मोठी. टाकी बाहेरून रंगवलेली, आतून तपकिरी. महिन्यातून एकदा फिरणाऱ्या गाडीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळाभर दमट हवा आत-बाहेर होत राहते, रात्री पाणी धरतं, तळाशी साचतं. गंजाचे पापुद्रे सुटून फिल्टर बुजवतात. मग मेस्त्री कामचलाऊ इलाज करतो. बॉनेटच्या बिजागरीला प्लास्टिकचा डबा टांगायचा आणि नळी थेट कार्ब्युरेटरला. स्कूटरला तर सलाईनची बाटली. मिरज हे दवाखान्यांचं गाव असल्याने तिथे तिची कधी वाण नव्हती, असं गमतीने म्हणतात. गॅरेजच्या अंगणात, बिघाड टाकीत आहे की इंजिनात हे तपासायला दोन मिनिटं हे ठीक. पण तोच डबा तसाच टांगून कराडपर्यंत जाणारे वीर आहेत. तापलेल्या इंजिनच्या वीतभर वर प्लास्टिकच्या डब्यात पेट्रोल, ही दुसरी टाकी नव्हे. गळक्या टाकीच्या भोकावर कपड्याच्या साबणाची वडी घासून पुढच्या गावापर्यंत पोचणं हा त्या मानाने फारच शहाणपणाचा जुगाड आहे.

गंजाच्या प्रश्नाला आता एथेनॉलची जोड मिळाली आहे. देशात दहा टक्के मिश्रणाचं लक्ष्य 2022 मध्ये गाठलं गेलं आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांचं. हे एथेनॉल परकं नाही, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातला ऊसच त्यात आहे. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, तेव्हा इथे एथेनॉलला नावं ठेवणं म्हणजे आपल्याच ताटाला नावं ठेवणं. पण 1970 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही हेही तितकंच खरं. एथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचे पडदे फुगवतं किंवा ठिसूळ करतं, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवून पुढे पाठवतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी. आधीच्या इंधनासाठी बनलेल्या चारचाकींचं मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच दिला होता. म्हणजे 38 लिटरच्या टाकीतून पंचवीस-तीस किलोमीटर गेले. तेवढ्यासाठी टाकी वाढवायची गरज नाही. नळ्या मात्र बदलायलाच हव्यात.

आणि दुसरी टाकी म्हणजे पेट्रोल शिळं व्हायची दुसरी जागा, हे कुणी लक्षातच घेत नाही. क्वचित फिरणाऱ्या गाडीत वीस लिटर जास्तीचं पेट्रोल चार-सहा महिने पडून राहतं, हलका भाग उडून जातो, चिकटा उरतो. रिझर्व्हचं पेट्रोल गरजेच्या वेळी गाडी चालूच होऊ देत नाही. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात निघालेली 'प्रिया' या बाबतीत शहाणी होती. तिच्या रिझर्व्हला वेगळी टाकी नव्हतीच. एकाच टाकीत एक नळी उंच आणि एक बुटकी, कॉक फिरवला की तळातलं मिळायचं. त्यामुळे रिझर्व्हचं पेट्रोल रोजच्या पेट्रोलमध्येच मिसळत राहायचं आणि ताजं असायचं.

एवढं सगळं ऐकूनही ज्याला दुसरी टाकी हवीच आहे त्याच्यासाठी काम कसं असावं हे सांगायला हवं, कारण 'नको' म्हटल्याने कुणी थांबत नाही. चुकीची बसण्यापेक्षा बरोबर बसलेली बरी. मोटारकारखान्यांनीही दोन टाक्यांच्या गाड्या केल्या आहेत. 1968 च्या जग्वार एक्सजे-6 मध्ये मागच्या दोन मडगार्डांत एकेक टाकी आणि डॅशबोर्डवर बदलायचं बटण होतं. मिनी कूपर एसला 1966 पासून डिकीत दोन्ही बाजूंना साडेपाच गॅलनची एकेक टाकी मिळाली. गंमत म्हणजे जग्वारच्या त्याच टाक्या आज जगभरच्या मालकांना गंजून छळतात.

जागा हवी ती डिकीत, मागच्या सीटच्या पाठीलगत, दोन मागच्या चाकांच्या मध्ये. बंपरजवळ नको, कारण मागून धडक बसली तर पहिला घाव टाकीवर. माणसं बसतात तिथे तर नकोच, आणि सायलेन्सरच्या वरही नको. वीस लिटर पेट्रोलचं वजन पंधरा किलोच्या आसपास, टाकी धरून वीस-बावीस. गाडीला ते जड नाही, पण खड्ड्यात ते उसळतं. म्हणून आत आडवे पडदे हवेत आणि बाहेर रबराच्या पट्टीवरून घट्ट आवळलेले लोखंडी पट्टे. गाडीच्या मूळ पत्र्याला भोकं न पाडता, असलेल्या बोल्टांवर चौकट बसवावी. उद्या काढायची म्हटलं तर गाडी होती तशी व्हायला हवी.

भरायचं तोंड बाहेर असावं. ते डिकीत ठेवलं तर भरताना वाफ डिकीत साठते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, ती तळाशी पसरून राहते, आणि डिकीच्या दिव्याचं बटण ठिणगी टाकायला तिथेच असतं. टाकीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत तांब्याची वायर जोडून अर्थ द्यावा. ब्रीदरची नळी टाकीच्या वरून निघून डिकीबाहेर, खाली उघडावी. काठोकाठ भरू नये. वीस अंशांनी तापमान वाढलं तर वीस लिटरचं पेट्रोल सुमारे चारशे मिलिलिटरने फुगतं. पहाटे गारव्यात तुडुंब भरलेली टाकी दुपारी सांगलीत उन्हात उभी केली की ते चारशे मिलिलिटर कुठून तरी बाहेर येणारच.

जोडणीच्या दोन रीती. एकीत जास्तीच्या टाकीतलं पेट्रोल मूळ टाकीत सोडायचं. सोपी आहे, पण मूळ टाकी भरलेली असताना कॉक उघडा राहिला तर पेट्रोल रस्त्यावर. दुसरीत पंपाच्या आधी थ्री-वे कॉक बसवायचा. एक टाकी, दुसरी टाकी, बंद. मला दुसरी पसंत आहे. कॉक ड्रायव्हरच्या हाताशी असावा, पण त्याचा सांधा माणसांच्या जागेत गळणार नाही अशी काळजी घ्यावी. नळी घेताना तिच्यावर 'जे-30 आर-9' असा छाप बघून घ्यावी, ती एथेनॉलला टिकते. नळी आवळायला क्लिपच हवी, पिळलेली तार नको.

जुन्या टाकीला वेल्डिंग करायची वेळ आली तर एक गोष्ट जिवाची आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास असली की ती भडकते, आणि कालच रिकामी केलेल्या टाकीत नेमकं तेच प्रमाण असू शकतं. 'काही नाही मालक, उन्हात वाळवलीय' हे वाक्य ऐकलं की टाकी उचलावी आणि दुसऱ्या मेस्त्रीकडे जावं. वाफेने किंवा गरम पाण्याने वारंवार धुऊन, पाण्याने भरून, फक्त सांध्यापुरती जागा रिकामी ठेवून काम करणारे कारागीर दोन्ही शहरांत आहेत. घाई नसलेला माणूस शोधावा.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या, उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. विमा कंपनीलाही हे कलम तोंडपाठ असतं. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै 2021 मध्ये वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे ज्या गाडीला कायदाच लांब जाऊ देत नाही तिला लांब जाण्यासाठी टाकी, असा हा मामला होतो. 1985 ची पद्मिनी मात्र या नियमात बसत नाही. ती फक्त जुनी, आणि तिला कलम 52 सरळ लागू. म्हणून टाकीचा आराखडा घेऊन आधी आरटीओत विचारावं, पत्रा नंतर कापावा.

ज्याला वर्षातून एकदा आडवाटेने जायचं आहे, जतकडून विजापूरच्या बाजूला किंवा कोयनेच्या मागे, त्याच्यासाठी झाकण घट्ट बसणारा लोखंडी जेरीकॅन टाकीपेक्षा बरा. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल, 25 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या बंद भांड्यात, परवान्याशिवाय ठेवता येतं. तो कॅन प्रवासापुरता घ्यावा, डिकीत पट्ट्याने बांधावा आणि घरी आल्यावर त्यातलं पेट्रोल गाडीतच संपवावं. प्लास्टिकचा तेलाचा डबा यासाठी चालत नाही, मग तो कितीही मजबूत दिसो.

तर ज्यांच्या मनात अजूनही दुसरी टाकी आहे त्यांनी आधी पहिली खाली उतरवावी. फ्लोट, ब्रीदर, गंज आणि नळ्या या चार गोष्टी उरकून एक उन्हाळा गाडी चालवून बघावी. निम्म्याहून जास्त लोकांचं काम तिथेच भागेल, असा माझा अंदाज आहे. उरलेल्यांनी टाकी बसवल्यावर पहिल्यांदा पाचच लिटर पेट्रोल घालावं, डिकी बंद करून गाडी रात्रभर मोकळ्या जागी उभी ठेवावी आणि सकाळी डिकी उघडताना नाक पुढे करावं. पेट्रोलचा वास आला तर स्टार्टरला हात न लावता मेस्त्रीला बोलवावं.